पोतोसीची चांदी, हजीऱ्याचा वायू

भाची हजीऱ्याच्या एका वायुप्रक्रिया प्रकल्पात अभियंता आहे. मामा भुसावळकडचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ताप्ती लाइनने सुरतेला आले की त्यांना उधन्याच्या नातेवाइकांकडे जायचं नसतं, सुवालीच्या किनाऱ्यावर जायचं असतं. तिथून परतल्यावर भाचीच्या घरी चहा झाला आणि चहाबरोबर वाद. मी शेजारी. मध्ये फारसं बोललो नाही. जिथे राहवलं नाही तिथे कंसात लिहिलं आहे.

मामा : तुमच्या या चिमण्या आणि टाक्या दिसायच्या आधी हा किनारा जगाच्या नकाशावर होता, हे तुमच्या वसाहतीत किती जणांना ठाऊक आहे? १६१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात थॉमस बेस्टने दोन जहाजांनिशी सुवालीसमोर पोर्तुगीज गलबतांना मागे रेटलं. पुस्तकात लिहितात, पोर्तुगीज हरले. त्या वेळी पोर्तुगालचा राजा कोण होता?

भाची : पोर्तुगालचाच असणार की.

मामा : स्पेनचा! १५८० ते १६४० दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते. सुवालीला ज्याचं आरमार हरलं तो तिसरा फिलिप पोतोसीच्या डोंगराचा धनी होता. आणि खरी गंमत पुढे आहे. इंग्रजांनी लढाई जिंकली, सुरतेत वखार मिळवली, पण विकायला त्यांच्याकडे होतं काय? जाड लोकरी कापड. सुरतेच्या उन्हात ते कोण घेणार? सुती कापड, नीळ, मिरी हवी तर रोख मोजा, असं इथले व्यापारी म्हणत. मग इंग्रज काय मोजत? स्पॅनिश रियाल. ज्या राजाला हरवलं त्याच्याच खाणीतली चांदी.

भाची : पोतोसी म्हणजे आजच्या बोलिव्हियात ना? त्या देशाला समुद्रसुद्धा नाही. तिथली चांदी तापीच्या मुखाशी कशी आली?

मामा : समुद्राचं पुढे सांगतो, तेही दुखणंच आहे. पोतोसी समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर. १५४५ मध्ये सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, सापडला. लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून चांदी आरिका बंदराला, तिथून लिमाच्या बाजूला, मग जहाजाने पनामा, पनामाची चिंचोळी जमीन पुन्हा खेचरांवर, मग अटलांटिक ओलांडून सेव्हिल. सेव्हिलहून ती ॲमस्टरडॅमला, लंडनला पसरली. तिथून आफ्रिकेला वळसा घालून सुवाली. दुसरी वाट तुर्कांच्या मुलखातून तांबड्या समुद्राची. सुरतेची जहाजं मोखाला कापड घेऊन जायची आणि चांदी घेऊन परत यायची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात निघणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून अधिक त्या एका डोंगरातून निघत होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

भाची : आणि इथे आल्यावर?

मामा : मोगलांचा नियम साधा होता. परकं नाणं बाजारात चालणार नाही, टाकसाळीत द्या, वितळवा, रुपये पाडून घ्या. सुरतेची टाकसाळ त्यासाठीच गाजलेली.

भाची : थांबा, हिशेब करू. आठ रियालचं नाणं २७ ग्रॅमच्या आसपास, त्यात चांदी ९३ टक्के धरली तर २५ ग्रॅम. रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, जवळजवळ शुद्ध. म्हणजे एका नाण्यातून दोन रुपये आणि वर काही आणे. टाकसाळीचा खर्च वजा करा. धंदा बरा आहे.

मामा : तुला धंदा दिसला. मला दिसतं की पोतोसीच्या नाण्यावर टाकसाळीचं अक्षर असायचं. सुरतेच्या मुशीत ते अक्षर गेलं. रुपयावर बादशहाचं नाव आलं. चांदी कुणाच्या घामाची हे विचारायची सोयच उरली नाही.

भाची : मामा, मग मी विचारते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले. मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. बडा व्यापारी वीरजी व्होराचा वाडा खणून काढला. ती चांदी राजगडाकडे गेली. तिच्यावर कुणाचं नाव होतं?

मामा : शाहिस्तेखानाने तीन वर्षं आपला मुलूख तुडवला, पुण्यात तळ ठोकला. त्याची भरपाई सुरतेकडून वसूल केली. ती लूट नव्हे, वसुली.

भाची : मी महाराजांना नावं ठेवत नाही. मी एवढंच म्हणते की तुमच्या हिशेबात वसुलीचा हक्क असलेले आणखीही लोक होते. ते अँडीजमध्ये होते आणि त्यांच्यापर्यंत काहीच गेलं नाही.

(मामा इथे काही वेळ चहा ढवळत बसले. साखर आधीच विरघळली होती.)

मामा : मान्य. मग त्या लोकांचंच ऐक. १५६९ मध्ये फ्रान्सिस्को दे तोलेदो नावाचा व्हाइसरॉय पेरूला आला. पोतोसीच्या भोवतालच्या प्रांतांतल्या दर गावाने सातातला एक धडधाकट पुरुष वर्षभर खाणीला द्यायचा, अशी पद्धत त्याने १५७३ च्या सुमारास बसवली. तिला मिता म्हणत. दर वर्षी सुमारे साडेतेरा हजार माणसं. बायकामुलं, लामा, वाळवलेले बटाटे बरोबर घेऊन माणसं कित्येक आठवडे चालत यायची. वर थंडी, आत उकाडा, मेणबत्तीच्या उजेडात कातड्याच्या शिड्यांवरून खनिज पाठीवर वर आणायचं. गाळताना पारा. हुआनकावेलिकाच्या खाणीतला पारा खनिजाच्या चिखलात मिसळायचा आणि तो चिखल तुडवायचा. तू रसायनं हाताळतेस, तुला सांगायला नको.

भाची : नको. आमच्याकडे आत येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो काढल्याशिवाय वायू पुढे जात नाही. दर कोपऱ्यात त्याचा मापक लावलेला आहे, वाजला की सगळे बाहेर. पाऱ्याला मापक नव्हता.

मामा : म्हणून म्हणतो, जमिनीत धन असणं हाच शाप आहे. ८० लाख माणसं मेली म्हणतात त्या डोंगरात.

भाची : हे मात्र नका सांगू. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण आजचे इतिहासकार तो धरत नाहीत. खाणीत मेलेले, साथीत मेलेले, गाव सोडून पळालेले असे सगळे एकाच पोत्यात भरले की असा आकडा तयार होतो. जुलूम सिद्ध करायला खोटा आकडा लागत नाही. आणि त्या शहरात फक्त मितावाले नव्हते. मजुरीवर काम करणारे होते. बाजारात कोका आणि मक्याची दारू विकणाऱ्या बायका होत्या, त्यातल्या काही चांगल्या सावकारीण झाल्या. अठराव्या शतकात तर शनिवार रात्रीपासून सोमवारपर्यंत खाणीत घुसून स्वतःसाठी खनिज काढणारे लोक होते, काह्चा म्हणायचे त्यांना. आपण त्यांना नुसते बिचारे म्हटलं की त्यांची हुशारीही आपण लुटतो.

मामा : बरं. दीड लाखाहून जास्त लोकांचं शहर होतं ते, त्या काळी लंडनच्या जवळपास जाणारं. त्यात सगळ्या तऱ्हेचे लोक असणारच. पण शहर मोठं झालं म्हणून डोंगर त्यांचा झाला का?

भाची : नाही झाला, कारण कच्चा माल विकणाऱ्याच्या हातात कधीच काही राहत नाही. जो प्रक्रिया करतो तो कमावतो. हजीरा बघा. इथे खनिज काय आहे? खारी जमीन. वायू येतो वसईच्या समुद्रातून. दक्षिण वसईचं क्षेत्र १९७६ मध्ये सापडलं, समुद्राखालून नळ टाकला, १९८५ पासून इथे प्रक्रिया सुरू झाली. इथून विजयपूर-जगदीशपूरपर्यंत नळ गेला, वाटेत खताचे कारखाने उभे राहिले. वसईचा वायू उत्तर प्रदेशात युरिया होतो आणि गव्हाला जातो. पोतोसीने असं काही उभं केलं नाही.

मामा : केलं होतं! टाकसाळ पोतोसीतच होती, १५७० च्या दशकापासून. दगड तिथेच फोडत, तिथेच गाळत, नाणंही तिथेच पाडत. तू म्हणतेस ती सगळी प्रक्रिया डोंगराच्या पायथ्याशी होत होती. डोंगरातून पाणी खाली आणायला तलाव बांधले, त्यावर दगड फोडणाऱ्या गिरण्या चालत. तुझ्या हजीऱ्यात आहे ते सगळं त्या काळाच्या मानाने तिथे होतं.

(इथे भाची गप्प झाली. वादातला सगळ्यात नेमका मुद्दा मामांनी मांडला तो हा, असं मला वाटतं. ‘मूल्यवर्धन’ हा शब्द आपण मंत्रासारखा वापरतो. पोतोसीत ते होतं आणि तरी उपयोग झाला नाही.)

मामा : आणि त्या टाकसाळीत काय चालायचं? १६४० च्या दशकात टाकसाळवाले आणि चांदीचे व्यापारी संगनमताने नाण्यात तांबं मिसळू लागले. युरोपातल्या सराफांनी पोतोसीची नाणी घ्यायचं बंद केलं. राजाला हिशेब तपासायला माणूस पाठवावा लागला. गोमेझ दे ला रोचा नावाच्या बड्या धनिकाला १६५० मध्ये देहदंड झाला. मग नाण्याची छापच बदलली. म्हणजे डोंगर राजाचा, टाकसाळ राजाची, पण राजालासुद्धा खरा हिशेब मिळत नव्हता. खाणीत उतरणाऱ्याला कुठून मिळणार?

भाची : म्हणजे प्रश्न प्रक्रियेचा नाही, वहीचा आहे, असं म्हणताय.

मामा : वहीचा आणि वही कुणाच्या हाती याचा. स्पेन गेलं, तरी वही स्थानिकांच्या हाती आली नाही. ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हिया स्वतंत्र झाला. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध झालं, तेही खनिजावरूनच, सोऱ्यासाठी. त्यात किनारा गेला. तू मघाशी विचारलंस ना समुद्राचं? आजही त्या देशात नौदल आहे, दर २३ मार्चला समुद्रदिन पाळतात. २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने सांगितलं, समुद्राच्या वाटेसाठी बोलिव्हियाशी वाटाघाटी करण्याचं चिलीवर बंधन नाही. आपल्याला किनाऱ्याची किंमत कळत नाही, कारण तो न मागता मिळाला.

भाची : हजीऱ्याच्या मच्छीमारांना ते सांगू नका. बंदर आल्यावर त्यांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं.

मामा : तेच म्हणतो मी.

भाची : तुम्ही ते नव्हतात म्हणत, पण राहू दे. पुढे सांगा, कथील.

मामा : चांदी सरली तेव्हा कथील निघालं. सिमोन पातिन्यो हा मिश्र वंशाचा, साध्या घरातला माणूस. कथिलाची खाण लागली आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांत गेला. राहायला युरोपात. १९५२ ला क्रांती झाली, खाणकामगार बंदुका घेऊन रस्त्यावर आले, ऑक्टोबर अखेरीस मोठ्या खाणी सरकारच्या झाल्या. कोमिबोल नावाचं महामंडळ निघालं.

भाची : आणि ते तोट्यात गेलं. आता माझी पाळी. खाणी जुन्या होत गेल्या, खनिज पातळ होत गेलं, नवी यंत्रं घेतली नाहीत, नव्या ठिकाणी शोध घेतला नाही. खाणीचा पैसा सरकार चालवायला वापरला. १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला आणि वीस हजारांहून अधिक कामगार घरी बसले. मालकी लोकांची होती, वहीही लोकांच्या सरकारची. मग?

मामा : भाव लंडनमध्ये ठरत होता.

भाची : वायूचा भावही आम्ही ठरवत नाही, तरी आम्ही नळाची डागडुजी करतोच.

*

त्या वीस हजारांचं पुढे काय झालं यावर दोघांचं एकमत झालं, आणि तो भाग मला सगळ्यात आवडला. बरेच जण चापारेच्या जंगलात कोका पिकवायला गेले. बाकीचे ला पाझच्या वरच्या पठारावर, चार हजार मीटरच्याही वर, एल आल्तोला जाऊन राहिले. पाणी नाही, गटार नाही, विटांच्या उघड्या भिंती. पण खाणीतली संघटना त्यांच्याबरोबर आली. गल्लीगल्लीची समिती, समितीची बैठक, बैठकीला न येणाऱ्याला दंड. मामा म्हणाले, उधना-लिंबायतची वस्ती अशीच वसली. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं कोरड्या शेतातून उठून लूमवर आली, गाडीच्या त्याच मार्गाने एकामागून एक आली, गणपती आणि भजनी मंडळं बरोबर घेऊन. भाची म्हणाली, फरक एवढाच की लिंबायतने सरकार पाडलं नाही.

एल आल्तोने पाडलं. २००३ मध्ये सरकारने बोलिव्हियाचा वायू चिलीच्या बंदरातून उत्तर अमेरिकेला विकायचं ठरवलं. ज्या देशाने किनारा घेतला त्याच्याच किनाऱ्यावरून! एल आल्तोच्या लोकांनी ला पाझचे रस्ते अडवले. गोळीबारात साठहून अधिक माणसं मेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष गोन्झालो सांचेझ दे लोसादा राजीनामा देऊन देशाबाहेर गेले. ज्या वायूसाठी हे झालं तोच वायू, म्हणजे तीच जात, आम्ही बसलो होतो तिथून थोड्या अंतरावर नळांतून वाहत होता, आणि हजीऱ्यात त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरल्याचं कुणालाही आठवत नाही.

*

मामा : का उतरले नाहीत? वसईचा वायू. वसईच्या कोळ्याला काय मिळालं? महाराष्ट्राला तरी काय मिळालं?

भाची : राज्यघटनेचं २९७ कलम वाचा. समुद्रतळाखालचं खनिज केंद्राचं. रॉयल्टी केंद्राला. महाराष्ट्रालाही नाही आणि गुजरातलाही नाही. गुजरातला कारखाने मिळाले, कारण नळ इथे जमिनीवर आला.

मामा : म्हणजे सुरतेचं नशीब पुन्हा तेच. चांदी इथे उतरली, वायू इथे उतरला. ज्याच्या दारात माल उतरतो तो मोठा होतो, ज्याच्या घरातून निघतो तो नाही. तुझ्या मामीच्या पैठणीची जरसुद्धा सुरतेची. येवल्याने विणायची आणि सुरतेने तार ओढायची.

भाची : उतरतो म्हणून नाही, उतरवून घ्यायची तयारी असते म्हणून. एक उदाहरण सांगते, ते तुम्हाला आवडणार नाही. बोलिव्हियात ब्राझीलच्या सीमेजवळ एल मुतून नावाचा लोखंडाचा प्रचंड डोंगर आहे. २००७ मध्ये आपल्याकडच्या जिंदाल स्टीलने तिथे पोलाद कारखान्याचा करार केला. २०१२ मध्ये सोडून आले. सरकार म्हणत होतं, तुम्ही पैसा घातला नाही. कंपनी म्हणत होती, तुम्ही ठरलेला वायू दिला नाही. लोखंड गाळायला वायू लागतो. वायूचा देश, लोखंडाचा डोंगर आणि कारखाना नाही! शेवटी एका चिनी कंपनीने बांधलेला कारखाना २०२५ मध्ये सुरू झाला. आता हजीऱ्यात बघा, लोखंडाचा एक खडा निघत नाही. खनिज बस्तरच्या बैलाडिलाहून येतं. किरंदूलपासून विशाखापट्टणमपर्यंत नळातून चिखलासारखं वाहून आणतात, तिथे त्याच्या गोळ्या करतात, त्या जहाजाने आख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून इथे येतात. इथे वायूवर स्पंज लोखंड करतात आणि त्याचं पोलाद. दहा लाख गोष्टी जुळवल्या तर डोंगर नसलेल्या गावात पोलाद होतं.

मामा : आणि बैलाडिलाच्या आदिवासीचं काय होतं?

भाची : ...

मामा : तूच सांगितलंस, म्हणून विचारतो. पोतोसी शोधायला अँडीजपर्यंत जायला नको. बस्तर आहे. आणि आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीचं सुरजागड आहे. एटापल्ली तालुका, माडिया गोंडांचा डोंगर, त्यांच्या देवाचा डोंगर. तिथून लोहखनिजाचे ट्रक चालू आहेत. पोतोसीच्या खाणीत आजही कामगार ‘एल तिओ’ म्हणजे काकाची मूर्ती बसवतात, शिंगं असलेली. तिला कोकाची पानं, सिगारेट, दारू वाहतात. वरचा देव ख्रिस्त, खालचा मालक काका. डोंगराखाली देव आहे हे त्यांनी पाचशे वर्षं सोडलं नाही. आपण सुरजागडच्या देवाला पर्यावरण-परवान्यातल्या एका परिच्छेदात बसवलं.

भाची : मामा, खाण बंद ठेवा असं तुम्ही म्हणत असाल तर ट्रकच काय, तुमची ताप्ती लाइनही बंद ठेवावी लागेल. रूळ कशाचे आहेत? तुम्ही प्रत्येक वेळी खाणीच्या तोंडाशी येऊन थांबता. पुढे काय करायचं ते सांगत नाही. सुरजागडच्या खनिजासाठी कोनसरीला कारखाना झाला, म्हणजे माल जिल्ह्यातच पक्का व्हायला लागला. हे तुम्हाला नको का?

मामा : टाकसाळ पोतोसीतच होती.

भाची : हे वाक्य तुम्ही आता मला मरेपर्यंत ऐकवणार.

(ऐकवावंच. पण भाचीचा प्रश्नही तिथेच उभा राहतो. खाणीला विरोध करणारं आपलं मराठी लेखन बहुतेक वेळा शोकगीतापाशी संपतं. बोलिव्हियाने निदान पुढचं पाऊल टाकलं. ते कसं टाकलं आणि कुठे घसरलं, हे पाहण्यासारखं आहे.)

मामा : पुढचं पाऊल? ऐक. २००५ च्या कायद्याने बोलिव्हियाने वायूवर १८ टक्के रॉयल्टी आणि वर ३२ टक्के थेट कर बसवला. १ मे २००६ ला एव्हो मोरालेसने, जो आयमारा घरात जन्मला आणि चापारेत कोका पिकवत होता, वायूक्षेत्रं ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. तो पैसा कुठे गेला? नगरपालिकांना, प्रांतांना, विद्यापीठांना, ठरलेल्या हिश्श्याने. शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला रक्कम, म्हाताऱ्यांना पेन्शन. २००६ मध्ये दहातले सहा लोक गरिबीरेषेखाली होते, २०१९ पर्यंत ते चारांच्याही खाली आले. २००९ च्या संविधानात स्पॅनिशबरोबर ३६ आदिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. एल आल्तोहून ला पाझला उतरायला २०१४ पासून तारेवरच्या डब्यांची वाहतूक आहे. घेरदार झगा आणि गोल हॅट घातलेल्या ज्या बायकांना एके काळी ला पाझच्या हॉटेलांत शिरू देत नसत, त्या आता त्या डब्यातून श्रीमंत वस्तीच्या डोक्यावरून कामाला जातात. चांदीच्या तीनशे वर्षांत जे झालं नाही ते वायूच्या तेरा वर्षांत झालं. कारण वही उघडी होती.

भाची : सगळं खरं. आता वहीचं पुढचं पान. वायूक्षेत्राचा दाब दर वर्षी कमी होतो. हे राजकारण नाही, भौतिकशास्त्र आहे. मुंबई हायचंही तेच झालं. म्हणून नव्या विहिरी खणत राहाव्या लागतात, त्यात पैसा घालावा लागतो. बोलिव्हियाने मिळालं ते वाटलं, शोधावर पुरेसं घातलं नाही. कंपन्यांनीही घातलं नाही, कारण निम्म्याहून जास्त कर भरून जोखीम कोण घेणार? २०१४ च्या सुमारापासून उत्पादन उतरू लागलं. २०२४ मध्ये अर्जेंटिनाने त्यांचा वायू घेणं थांबवलं. डॉलर संपले. बहुतेक डिझेल बाहेरून आणायचं आणि आत स्वस्त विकायचं. मग पंपावर ट्रकांच्या मैलभर रांगा. २०२५ च्या निवडणुकीत लोकांनी मोरालेसच्या जुन्या पक्षाला घरी बसवलं. ज्या एल आल्तोने वायूसाठी प्राण दिले, तेच एल आल्तो डिझेलसाठी रांगेत उभं राहिलं. हजीऱ्यात आम्ही काय केलं? वसईचा वायू कमी पडणार हे दिसलं तेव्हा २००५ मध्ये इथेच द्रवरूप वायू उतरवायचं टर्मिनल सुरू झालं. समुद्र होता म्हणून जमलं.

मामा : त्यांना नव्हता.

भाची : त्यांना नव्हता, म्हणून तर त्यांनी दुप्पट जपून खर्च करायला हवा होता.

मामा : पाचशे वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला पहिल्या जेवणात जपून खा असं सांगायला तूच धजावशील, पोरी.

भाची : सांगेन. मामीही तेच सांगेल.

यानंतर गोष्ट लिथियमवर आली, येणारच होती. उयुनीच्या दहा हजार चौरस किलोमीटरच्या मिठाच्या पठाराखाली जगातला सगळ्यात मोठा ज्ञात लिथियम साठा आहे. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद बोलिव्हियाला गेले. भारताचा राष्ट्रपती तिथे जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि करारांत लिथियमचा करार होता. मामांचं म्हणणं, आता आपण सुवालीला उतरलेल्या इंग्रजाच्या जागी आहोत, बॅटरीसाठी दुसऱ्याच्या डोंगराकडे बघतोय. भाचीचं म्हणणं, लिथियम काढणं चांदीसारखं सोपं नाही. उयुनीच्या खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम जास्त आहे, पाऊस पडतो, वाफ लवकर होत नाही. सरकारने पहिला मोठा कारखाना २०२३ च्या अखेरीस उघडला. ‘आधी कारखाना आमचा, मग परदेशी करार’ हा हट्ट धरल्याने शेजारचे चिली आणि अर्जेंटिना पुढे निघून गेले.

मामा : जाऊ देत पुढे. मीठ कुजत नाही.

भाची : मीठ कुजत नाही, पण बॅटरीचं तंत्र बदलतं. उद्या सोडियमवर चालली तर?

मामा : तर त्यांच्याकडे मीठही आहे.

यावर दोघंही हसले आणि वाद तेवढ्यापुरता मिटला. माझं मत विचाराल तर पोतोसीबद्दल मामा बरोबर आणि वायूबद्दल भाची बरोबर. पण दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती, ती दोघांनीही मान्य केली नाही: वही कुणी तरी बघायला हवी, वाटण्याच्या पानापर्यंतच नव्हे, शिल्लक किती याच्या पानापर्यंत. पोतोसीत पहिलं पान बघायला मिळालं नाही, ला पाझमध्ये दुसरं बघायचं राहून गेलं.

आपल्याकडे ही वही निदान कागदावर आहे. २०१५ पासून खाण असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. ती बाधित गावांसाठी असते. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत हा पैसा कशावर खर्च करायचा याला ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि वर्ष संपल्यावर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. एटापल्ली अनुसूचित क्षेत्रात येतं. गडचिरोलीत तुमचं कुणी ओळखीचं असेल, शिक्षक, तलाठी, वार्ताहर, कुणीही, तर त्याला फोन करून एवढंच विचारा: गेल्या वर्षीचा अहवाल ग्रामसभेत वाचला का, आणि माडियात वाचला का?